रोजच्या साध्या, सकस आणि खिशाला परवडणाऱ्या स्वयंपाकासाठी कोणते पुस्तक घ्यावे?

संध्याकाळची_पाळी

नमस्कार. मी नाशिकला राहतो. घरात पत्नी, मी, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि माझी आई अशी पाच माणसे आहोत. पत्नीची नोकरी पाळ्यांची असल्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक आता कायमचा माझ्याकडे आला आहे. पोळ्या लाटता येतात, वरणभात आणि दोन-तीन भाज्या जमतात, पण त्यापुढे मजल जात नाही, आणि ताटात रोज तेच ते पाहून मुले नाके मुरडतात. आईला रक्तदाबाचा त्रास असल्यामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे.

मोबाइलवर पाककृतींच्या चित्रफिती पुष्कळ पाहिल्या. पाहताना सगळे सोपे वाटते, पण करायला घेतले की ‘थोडेसे’, ‘अंदाजाने’ आणि ‘आवडीप्रमाणे’ यांतून नेमके किती घ्यायचे हे कळत नाही, शिवाय कणकेच्या हाताने चित्रफीत मागे-पुढे करत बसावे लागते. म्हणून ओट्याशेजारी उघडे ठेवता येईल असे छापील पुस्तक हवे आहे. दुकानात जाऊन चाळली तेव्हा गुळगुळीत कागदाच्या जाडजूड पुस्तकांत निम्म्या पाककृती चीज, ब्रोकोली आणि मश्रूमच्या निघाल्या, आणि पारंपरिक म्हणवणाऱ्या पुस्तकांत पक्वान्नांनीच अर्धी जागा अडवलेली दिसली.

पुस्तकांवर हजारापर्यंत खर्च करण्याची तयारी आहे, मात्र त्या पुस्तकामुळे दर महिन्याचे किराण्याचे बिल वाढता कामा नये. कोणते पुस्तक घ्यावे, आणि ते आपल्या उपयोगाचे आहे की नाही हे घेण्याआधीच कसे ओळखावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुनी_नोंदवही

नाव सांगण्याआधी पारख कशी करायची ते सांगते, कारण नाव एकच असले तरी प्रत्येक घराची गरज निराळी असते. मी सार्वजनिक वाचनालयात बरीच वर्षे काम केले आहे आणि पाककृतींच्या कपाटापाशी लोक कसे थबकतात ते रोज पाहिले आहे. बहुतेक जण रंगीत छायाचित्रांचे पान उघडतात, आणि ती पाने प्रायः श्रीखंड, बासुंदी आणि बिर्याणीची असतात. तुम्ही अनुक्रमणिकेवरून थेट उसळींकडे जा आणि मटकीची उसळ काढा. त्या एका पानावर लेखिकेने कोणासाठी लिहिले आहे ते कळते.

पहिली गोष्ट, ‘एक वाटी मटकी’ असे लिहिले असेल तर ती कोरडी की मोड आलेली, हे सांगितले आहे का ते पाहा. भिजून मोड आल्यावर मटकी दुपटीहून जास्त फुगते, त्यामुळे हा खुलासा नसेल तर एकाच कृतीतून दोन माणसांपुरतीही उसळ होऊ शकते आणि पाच माणसांपुरतीही. दुसरी गोष्ट, वेळ. ‘वीस मिनिटे’ म्हणून मोकळे होणारे पुस्तक भिजवण्याचा आणि मोड आणण्याचा वेळ हिशेबात धरत नाही. संध्याकाळी सहाला घरी येणाऱ्या माणसाला तर आदल्या दिवशी सकाळी काय करून ठेवायचे हेच आधी कळायला हवे. तिसरी गोष्ट, कृती किती माणसांसाठी आहे ते दिलेले असावे. आणि चौथी, त्या पानावरचे किती जिन्नस तुमच्या फडताळात आधीपासून आहेत ते मनातल्या मनात मोजा. दोनापेक्षा जास्त जिन्नस बाहेरून आणावे लागत असतील तर ते पुस्तक रोजच्या उपयोगाचे नाही, मग त्याच्या मुखपृष्ठावर ‘झटपट’ लिहिलेले असो की ‘पौष्टिक’. बिल फुगते ते बहुधा अशा जिन्नसांमुळे, ज्यांचा एक चमचा लागतो आणि उरलेली बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते.

आता मापांविषयी. मराठी पाकपुस्तकांत वाटी आणि चमचा यांची मापे रुळली त्यात कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा मोठा वाटा आहे. हे पुस्तक प्रथम १९७० मध्ये निघाले आणि नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींना ते भेट देण्याचा प्रघातच पडला. वजनकाटा नसलेल्या घरातही चालेल असे माप ‘रुचिरा’ने दिले, हे तिचे खरे बळ. तुमची पहिली खरेदी तीच असावी असे मला वाटते, कारण रोजची आमटी, भाज्या, कोशिंबिरी आणि चटण्या तीत भरपूर आहेत. मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ त्याच जातकुळीतले आहे. दोन्ही चाळून पाहा आणि जिची भाषा तुम्हाला चटकन समजते ती एकच घ्या. दोन्ही घेण्याची गरज नाही.

मात्र वाटी घरोघरी वेगळी असते. पुस्तक आणल्याबरोबर अर्धा लिटर दुधाची पिशवी फोडा आणि दूध आपल्या नेहमीच्या वाटीने मोजा. तीन वाट्या भरून वर थोडे उरले तर वाटी दीडशे मिलिलिटरच्या आसपासची, अडीच वाट्यांत संपले तर दोनशेची. एकदा एक वाटी ठरली की तीच मापाची म्हणून बाजूला काढून ठेवावी आणि आमटी वाढायला वापरू नये. पुस्तकातले माप तिच्याशी जुळते की नाही हे पहिल्या दोन-तीन पदार्थांत कळते, आणि मग पेन्सिलीने समासात फरक लिहून ठेवायचा.

रद्दीत किंवा जुन्या बाजारात फार जुने पुस्तक मिळाले तर हौसेने अवश्य घ्या, पण त्यावर विसंबून पदार्थ करताना सावध राहा. दशमान मापे भारतात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्याआधीच्या पुस्तकांत शेर, पावशेर आणि तोळा भेटतात. तोळा म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास आणि शेर किलोपेक्षा थोडा कमी, सुमारे ९३३ ग्रॅम, एवढे लक्षात ठेवले तर काम भागते. त्या काळची कुटुंबे मोठी असल्याने प्रमाणेही मोठी असतात.

शेवटचे म्हणजे, तुम्ही नाशिकचे आहात. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय तुमच्या गावात आहे. सभासद होऊन तीन-चार पुस्तके आलटून पालटून घरी न्या, प्रत्येकातून आठवडाभर स्वयंपाक करा, आणि जे परत करताना जिवावर येईल तेच विकत घ्या.

प्रमाणशीर

जुनी_नोंदवही यांनी पुस्तकाची पारख उत्तम सांगितली आहे. मी आहारशास्त्र शिकवते, म्हणून ‘सकस’ या बाजूने थोडे लिहिते. पाकपुस्तक निवडताना लोक जिन्नस पाहतात, प्रमाण पाहत नाहीत. आरोग्याचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा प्रमाणाचाच असतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती इंग्रजीत आणि मोफत आहेत. त्यांतले दिवसाच्या ताटाचे एक पान काढून फ्रिजवर लावले तरी पुरे. २००० किलोकॅलरींच्या दिवसासाठी त्यात धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी अंडी-मांस-मासे ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे धरले आहे. लहान मुलांना अर्थातच यापेक्षा कमी लागते. आपल्याकडच्या सर्वसाधारण ताटाशी हे ताडून पाहिले की पोळी-भात जास्त आणि भाजी व डाळ कमी, हे लगेच ध्यानात येते.

आता या आकड्यांनी पुस्तक तपासा. २७ ग्रॅम तेल म्हणजे मोठे दोन चमचे, आणि तेही दिवसभराचे, पोळीला लावलेल्या तुपासकट. चार माणसांच्या एका भाजीला एखादे पुस्तक चार मोठे चमचे तेल सांगत असेल तर चौघांचा निम्मा दिवस त्या एका कढईतच संपला. असे पुस्तक लगेच टाकून द्यायचे असे नाही; बहुतेक भाज्या निम्म्या तेलात, झाकण ठेवून आणि झाकणावर पाणी घालून चांगल्या शिजतात. पण हे करता येते असे जे पुस्तक स्वतःहून सांगते ते अधिक विश्वासाचे. तुमच्या घरातल्या तीन मोठ्या माणसांचे महिन्याचे तेल-तूप या हिशेबाने अडीच किलोच्या आत बसते. वाण्याच्या यादीशी हा आकडा एकदा ताडून पाहा, कारण बचतीला सर्वांत जास्त वाव तिथेच असतो.

प्रथिनांसाठी महागडे काही आणावे लागते हाही एक समज आहे. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात आणि शेंगदाण्यांतही जवळपास तेवढीच. म्हणून ज्या पुस्तकात उसळी, पिठले, डाळ घालून केलेल्या पालेभाज्या, धिरडी, थालीपीठ आणि मिश्र डाळींची खिचडी यांना पनीरपेक्षा जास्त पाने दिलेली आहेत, ते पुस्तक आपोआपच स्वस्त आणि सकस ठरते. डाळभाताची किंवा डाळ-भाकरीची जोडी आपल्या पूर्वजांनी पोषणतक्ते पाहून लावली नव्हती, तरी धान्यात जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक, कमी पडते ते डाळीतून मिळते, हे खरे आहे. नाचणीचेही तसेच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तांदळात त्याचा विसावा भागही नसतो. चार वर्षांच्या मुलाच्या घरी नाचणीचे आंबील, धिरडे आणि भाकरी यांची दोन पाने असलेले पुस्तक ओटसच्या वीस पानांपेक्षा उपयोगाचे.

दोन प्रकारची पुस्तके मी विद्यार्थ्यांना टाळायला सांगते. साखरेच्या जागी तेवढाच गूळ घालून पदार्थाला आरोग्यदायी म्हणणारी एक. गूळ चवीला निराळा आणि छान असतो, पण शरीराच्या हिशेबात तीही साखरच. दुसरी म्हणजे अमुक पदार्थाने अमुक आजार बरा होतो असे छातीठोकपणे सांगणारी. आईंचा रक्तदाब पाकपुस्तकावर सोपवू नका.

तारली

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून पटले, पण एक तक्रार नोंदवते. सर्वसाधारण मराठी पाकपुस्तकात मासे म्हटले की पापलेट आणि सुरमई, म्हणजे नेमके जे सर्वांत महाग तेच. आम्ही वेंगुर्ल्याकडचे लोक रोजच्या जेवणात तारली आणि बांगडा खातो. दोन्ही मासे तेलकट असल्यामुळे त्यांत ओमेगा-३ हे स्निग्धाम्ल चांगल्या प्रमाणात असते, आणि तिरफळ हा मसाला घालून केलेल्या बांगड्याच्या हुमणाला, म्हणजे नारळाच्या कालवणाला, वरून तेलाचा थेंबही लागत नाही. ज्या पुस्तकात स्वस्त मासळी साफ करण्यापासून शिकवलेली आहे ते प्रांतिक पुस्तकच असते, मोठ्या प्रकाशनाचा देखणा ग्रंथ सहसा नसतो.

तुम्ही नाशिकचे, त्यामुळे मासळीचे नाव काढून उपयोग नाही म्हणाल. पण मुद्दा तोच आहे. एक सर्वसाधारण पुस्तक घेतल्यावर दुसरे पुस्तक आपल्या बाजारपेठेचे घ्यावे. तुमच्या शेजारी खानदेश आहे. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, डाळ-गंडोरी, फुणके असे पदार्थ देणारे छोटेसे पुस्तक तुमच्या मंडईतल्या दरांशी जास्त जुळेल. शेवभाजी रोज करू नका एवढेच, शेवेत तेल आणि मीठ दोन्ही भरपूर. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीच्या दिवसांत आमच्याकडे सुकट आणि सुके बोंबील निघतात, त्यांचेही तेच. घरात रक्तदाबाचा माणूस असेल तर खारवलेले सुके मासे हात राखून वाढावेत.

फोडणी

एवढी चर्चा वाचून मला एकच प्रश्न पडला. घरात आई आहेत ना? मग पुस्तक कशाला? त्यांच्याजवळ बसा, वही घ्या आणि लिहून काढा. हजार रुपयांत महिन्याची फळे येतील.

संध्याकाळची_पाळी

सर्वांचे आभार. फोडणी, आपले म्हणणे रास्त आहे आणि आईला विचारून पाहिलेही. अडचण अशी की तिचे सगळे माप हातात आहे. चिंचगुळाच्या आमटीत चिंच किती, असे विचारले की ती म्हणते, “आंबट लागेपर्यंत.” शिवाय तिने तीस वर्षे ज्या चवीचा स्वयंपाक केला त्यात मीठ आणि तेल दोन्ही सढळ होते, आणि डॉक्टरांनी नेमके तेच कमी करायला सांगितले आहे. म्हणून चव तिची आणि माप पुस्तकाचे, असे काहीतरी करावे म्हणतो.

वाचनालयात नाव नोंदवणार आहे. उसळीच्या पानाची परीक्षा कालच दुकानात घेतली. तीन पुस्तकांपैकी दोन पहिल्याच प्रश्नाला नापास झाली, कारण मटकी कोरडी की मोडाची याचा पत्ताच नव्हता. आता दोन शंका उरल्या आहेत. जुनी, वापरलेली प्रत घेतली तर चालेल का? आणि जवळजवळ सगळ्याच पुस्तकांत मिठापुढे ‘चवीनुसार’ एवढेच लिहिलेले असते, त्याचे काय करायचे?

जुनी_नोंदवही

वापरलेली प्रत निःशंक घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आणि मुंबईत फोर्टच्या पदपथांवर अशा प्रती मिळतात, तुमच्याकडेही जुन्या पुस्तकांची दुकाने असतीलच. घेताना बांधणी खिळखिळी नाही ना आणि अनुक्रमणिका पूर्ण आहे ना, ते पाहावे. हळदीचे डाग पडलेली पाने असतील तर उलट बरे. आधीच्या बाईंनी कोणते पदार्थ वारंवार केले ते आयतेच कळते.

जुन्या आवृत्तीत एक फरक ध्यानात ठेवावा. स्टोव्हवर किंवा शेगडीवर, उघड्या पातेल्यात शिजवण्याचे वेळ तिथे दिलेले असतात. तुरीची डाळ, हरभरे किंवा राजमा कुकरला लावले तर ते वेळ लागू पडत नाहीत. आपल्या कुकरला कोणत्या डाळीसाठी किती शिट्या लागतात हे स्वतःच ठरवून पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. डाळ अर्धा तास आणि हरभरे रात्रभर भिजवले तर गॅसही वाचतो. १९७०-८० च्या दशकांतल्या बऱ्याच पुस्तकांत वनस्पती तूपही सर्रास सांगितलेले आढळेल. तिथे तेल किंवा थोडे साजूक तूप वापरावे, आणि ज्या पदार्थाचे त्यावाचून चालतच नाही तो पदार्थ सणासाठी राखून ठेवावा.

फोडणी यांच्या सूचनेत मी एवढीच भर घालीन की आईंनी आमटी करायला घेतली की त्यांचा हात भांड्यात जाण्याआधी चिंच, गूळ आणि मसाला मापाच्या वाटीत किंवा चमच्यात टाकून घ्यावा आणि मगच आमटीत सोडावा. त्यांना थोडी कटकट वाटेल, पण आठ-दहा पदार्थ असे लिहून झाले की तुमचे दुसरे पुस्तक तयार. मग खानदेशी पुस्तकासाठीही पैसे उरतील.

प्रमाणशीर

मिठाच्या शंकेचे उत्तर देते. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा जास्त मीठ खाऊ नये अशी शिफारस आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तुमच्याकडे प्रौढ तीन. मुलांचे मीठ त्याहून कमी. तेव्हा सकाळी एका लहान डबीत सपाट चार चमचे मीठ काढून ठेवा आणि दिवसभराचा सगळा स्वयंपाक त्यातूनच करा, कणकेत आणि भाताच्या पाण्यात घालायचे मीठसुद्धा. ‘चवीनुसार’ असे पुस्तक म्हणेल तेव्हा हात या डबीत जावा, मोठ्या बरणीत नव्हे. पहिल्या आठवड्यात डबी दुपारीच रिकामी होईल. तेव्हा कणकेतले मीठ आधी बंद करावे, कारण भाजीबरोबर खाताना पोळीतले मीठ कोणाच्या लक्षातही येत नाही. लोणचे, पापड, फरसाण आणि बाजारची सॉस डबीबाहेरची आहेत, म्हणून ती ज्या दिवशी ताटात असतील त्या दिवशी डबीत एक चमचा कमी टाकावा. लिंबू, आमसूल, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि ताजी हिरवी मिरची यांनी कमी मिठाची भाजी पुष्कळ सावरते. पुस्तक निवडताना या आंबट-तिखट जोडण्या कुठे जास्त दिल्या आहेत तेही पाहा.

डॉक्टरांनी आईंना याहूनही कमी मीठ सांगितले असेल तर त्यांचेच माप धरावे आणि आईंची भाजी मीठ घालण्याआधी बाजूला काढावी. दुकानात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे चालू असतील तर ते अपायकारक ठरू शकते, तेव्हा आईंच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ते घरात आणू नका.